तिसऱ्या पानावर मी वारलो

पूर्णा
सोमवार, २० जानेवारी २०२५

गोपाळ,

वर 'सप्रेम' लिहायला हात धजला न्हाई, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. मला मारून तुला काय मिळालं?

येड पांघरून पेडगावला जाऊ नको. सगळं सांगतो. आज दुपारी स्टेशनाबाहेर भजी घेतली. खाता खाता कागदाकडं बघतो तर आपलाच पेपर. आपला म्हणजे माझा. तुझा हक्क तू गद्दारी केलीस त्या दिवशी संपला. 'अप-डाऊन', दहा जानेवारीचा अंक, पान तिसरं. तेलानं कागद आरपार झालेला, तरी फोटो वळखू आला. फोटो माझा. खाली चौकटीत छापलेलं: 'साप्ताहिक अप-डाऊनचे संपादक बन्सीधर मारोतराव कदम (वय ६२) यांचे बुधवार, दि. ८ रोजी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, एक विवाहित मुलगी, जावई असा परिवार आहे. दशक्रिया विधी शुक्रवार, दि. १७ रोजी सकाळी पूर्णा नदीकाठी होईल.'

भजं घशात अडकलं रे. भजीवाल्यानं पाठीत बुक्क्या घातल्या म्हणून वाचलो, न्हाईतर बातमी खरी झाली असती.

तू म्हणशील, संपादक तूच, मग तुझ्या नजरेतून सुटलं कसं? तर ऐक. कामाची पद्धत तुझ्यासमोरचीच हाय. बुधवारी मजकुराचं पाकीट सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला व्यंकटरावाच्या प्रेसवर जातं, गुरुवारी संध्याकाळी छापील गठ्ठा परत येतो, शुक्रवारी सकाळी मी तो गाडीत वाटतो. मी पहिलं पान बघतो, जाहिराती सरळ बसल्यात का बघतो. आतलं बारीक अक्षर आता डोळ्याला दिसत न्हाई. म्हणजे माझ्या मरणाचे पाचशे अंक मी माझ्याच हातानं, 'घ्या मामा, घ्या ताई, फुकट हाय' म्हणत वाटले.

आणि पाचशेतल्या एकानं तोंड उघडलं न्हाई! दहा दिवस झाले. हे आपोआप होतं का? मी डब्यात शिरलो की सगळे माना खाली घालून मोबाइलात बघायलेत. मला वाटायचं, नाद लागलाय लोकांना. आज उलगडा झाला. नजर चुकवायलेत. तुझ्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं ठरलेलं असणार, 'म्हाताऱ्याला काही बोलू नका, मजा बघा.'

माझ्याकडं सबूत हाय. फोटो बघ. पेपरला दहा वर्षं झाली तेव्हा प्रेसवर काढलेला, माझ्या खांद्यावर तुझा हात. छापताना तुला कापलंय, पण चार बोटं राहिलीत. त्या फोटोच्या प्रती दोनच. एक तुझ्याकडं. दुसरी आमच्या ट्रंकेत, तुझ्या कडूबाई वहिनीच्या लुगड्यांखाली, कुलपात. तिला विचारलं बी. ती म्हणली, 'मला काय म्हाईत', आणि भाकरी थापायला लागली. मग उरलं कोण?

आणि परवाच्या शुक्रवारी, सतरा तारखेला, तू पूर्णेच्या फलाटावर काय करत होतास? गाडी दोन तास लेट. मी गठ्ठा घेऊन उभा, आणि पाण्याच्या नळापाशी तू, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. भूत बघावं तसं माझ्याकडं बघितलंस. मी मान फिरवली. परत बघतो तर पसार. तेव्हा मला बातमीचा पत्ता नव्हता. आज कळलं, चोराच्या मनात चांदणं. रिटायर होऊन बोरीला राहायला गेलेला तू, मेलेला माणूस पेपर वाटताना कसा दिसतो ते बघायला एवढ्या लांब आलास व्हय?

मी तुझं काय वाईट केलं होतं? तू कचेरीतला कारकून, बावीस वर्षं पूर्णा-परभणी अप-डाऊन केलंस, आणि त्यातली चौदा वर्षं माझा पेपर तू डब्यात मोठ्यानं वाचलास. मीरखेल येईपर्यंत निधन वार्ता, पिंगळीपर्यंत बाजारभाव, आणि परभणीच्या अलीकडं सिग्नलला गाडी थांबली की हरवलं-सापडलं. अख्खा डबा गप ऐकायचा. बायका मेथी निवडायच्या थांबायच्या. मग लॉकडाऊन उठला, गाड्या सुरू झाल्या आणि तू व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलास. 'गाडी कुठं आली एवढंच टाकायचं बन्सी' म्हणलास. वर्षात त्याच्यावर मयत बी यायला लागली, बाजारभाव बी, लग्नं बी. माझ्या जाहिराती गेल्या. मी फलाटावर चारचौघांत तुला गद्दार म्हणलो. चुकीचं म्हणलो का?

फोन का केला न्हाई, तर तुझा नंबर अर्पितानं तेव्हाच बंद करून दिलाय. लेक सासरी गेली, आता तो उघडायचा कसा ते मला येत न्हाई. आणि फोनवर तू आवाज लावलास की मी पाघळतो. कागदावर बरं असतं.

उत्तर दे.

बन्सीधर (हयात)


पूर्णा
सोमवार, २७ जानेवारी

गोपाळ,

उत्तर न्हाई. म्हणजे कबूल.

पण मी स्वस्थ बसणारा माणूस न्हाई. पाचशे जण कटात हायेत का, हे मला धरायचंच होतं. म्हणून चोवीस तारखेच्या अंकात तिसऱ्याच पानावर जाड अक्षरात छापलं: 'हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाने आज शेवटच्या डब्यात यावे. मुरमुऱ्याचा सुशीला व चहा, संपादकाकडून फुकट.' म्हणलं, माझ्या मरणावर गप बसतील, फुकटच्या सुशील्यावर कोण गप बसतंय? जो येईल त्याला तिथंच धरायचा. विचारायचं, 'तू दहा तारखेचा अंक वाचलास का, आणि मग मुका का राहिलास?'

कडूबाईनं मोठा डबा भरून सुशीला केला. वर शेंगदाणे, कोथिंबीर. ती विचारत होती, एवढा कुणाला? मी म्हणलो, वाचकांना. ती काही तरी बोलणार होती, मग डब्याचं झाकण लावायला लागली.

अंक वाटले आणि शेवटच्या डब्यात डबा उघडून बसलो. मीरखेल आलं. कुणी न्हाई. गोपाळ, शेवटच्या डब्यात बसलेली माणसं सुद्धा उठली न्हाईत रे! समोरच्याच बाकावर एक जण, मांडीवर माझा अंक, अंकावर मोबाइल, मोबाइलात कुणी तरी नाचायलंय. त्याच्या शेजारच्यानं अंक खाली अंथरला आणि त्यावर बूट काढून ठेवले. तिसऱ्या पानावरच. जाड अक्षरावर. मी त्याला म्हणलो, 'साहेब, खाली बघा की जरा.' त्यानं कानातलं बोंडूक काढलं, म्हणला, 'काका, पाय लागला का? सॉरी.'

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे कटातले लोक न्हाईत. कटासाठी आधी वाचावं लागतं.

एक कबूल करतो. पाचशे छापत न्हाई मी. दोनशे. पाचशे लिहिताना तुझ्यावर छाप पडावी असं वाटलं. व्यंकटराव दर वेळी म्हणतो, दोनशेच्या खाली मशीन चालू करायला परवडत न्हाई. न्हाईतर त्याहून बी कमी लागले असते.

पिंगळी जवळ आल्यावर एक जण आलं. कोंडाबाई. पूर्णेच्या नदीकाठाला शेरडं राखती, लेकीकडं निघाली होती. तिला अक्षर येत न्हाई. ती उरलेले अंक मागायला आली होती. शेळी व्याली की करडाखाली कागद अंथरती म्हणे, उबदार राहतंय. 'तुमचा पेपर लय कामाचा हाय दादा,' म्हणली. चौदा अधिक तीन, सतरा वर्षांत एवढी शाबासकी मला कुणी दिली नसंल. म्हणलं, मावशी, बसा, सुशीला खा.

खाता खाता तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दात लिहितो.

'गेल्या सुक्रवारी सकाळच्या पारी नदीवर एक मानूस बघितला. एकलाच. संगं न्हावी. डोकं केलं, पिंड ठिवला, अन् कावळा काय शिवंना बाबा. झाडावर चार बसल्याले, पर खाली येईनात. लय येळ बसला. रडू रडू बेजार. म्या इचारलं, कोन गेलं? म्हनला, मैतर. त्येला ल्योक न्हाई, म्हनून म्या आलो. म्या म्हनलं, आरं, त्येची काय तरी आस राह्यली आसंल, सबूद दे. तर हात जोडले अन् म्हनला, बन्सी, म्या ती गुरूप बंद करतो. तरी शिवंना! मग दर्भाचा कावळा करून शिवीवला. दादा, गुरूप म्हंजी काय आसतंय?'

मी तिला उरलेले सगळे अंक देऊन टाकले.

गोपाळ, म्हणजे उपरण्याखाली तुझं डोकं केलेलं होतं. मला सरळ विचार करता येईना. एक मन म्हणतंय, पक्का नाटकी हाय, आधी बातमी द्यायची, मग रडून मोकळं व्हायचं. पण बघायला शेरडं राखणारी एक म्हातारी. तिच्यापुढं नाटक करून तुझ्या पदरात काय पडणार? आणि ग्रुप खरंच बंद हाय. त्या दिवसापासून फलाटावर पोरं मला विचारायलेत, 'काका, गाडी कुठं आली?' मला वाटलं, खिजवायलेत.

तू बातमी दिली नसशील तर खरं मानलीस कशी? आणि बोरीत तुझ्यापर्यंत माझा अंक पोचला कसा? मी तुला तीन वर्षांत एक अंक पाठवलेला न्हाई. इथंच पाणी मुरतंय. लिही.

बन्सीधर


बोरी, ता. जिंतूर
३० जानेवारी

बन्सीधरराव,

मेलेल्या माणसाची दोन पत्रं पोचली. पेपर तुमचा, प्रेस तुमचा, फोटो तुमचा, आणि चोर मी?

खरं बोला. आपल्यासाठी कोण रडतंय ते तुम्हाला बघायचं होतं. सतरा तारखेला फलाटावर तुम्हाला धडधाकट उभं बघितलं तेव्हाच मला कळलं. नदीवर मी चार घंटे बसलो. तुमच्या घरी आलो न्हाई, कारण वहिनीसमोर कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो? तुम्ही गेलात आणि आपलं बोलणं तुटलेलंच राहिलं, हेच मनात घोळत होतं. तुम्ही मात्र माझ्यासमोर मान फिरवलीत.

केस येतील. पुन्हा लिहू नका.

गोपाळ

ता.क. दर आठवड्याला टपालानं अंक येतो तो बी आता पाठवू नका. तीन वर्षं एक बी चुकवला नव्हता, दोनदा दोनदा वाचत होतो. आता उघडायची इच्छा राहिली न्हाई.


पूर्णा
मंगळवार, ४ फेब्रुवारी

गोपाळ,

लिहू नको म्हणलास तरी लिहायलोय. तुझा ताजा कलम वाचला आणि कार्ड हातात घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो. म्हणलं, 'कडे, गोपाळला अंक कोण पाठवतंय?'

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला न्हाई तिचा. म्हणली, 'म्या.'

'तीन वर्षं?'

'तुमी भांडलात. म्या कुठं भांडले? गोपाळभाऊजी डब्यात वाचायचे, तवा तुमचं त्वांड कसं फुलायचं, ते मला म्हाईत हाय.'

'आणि ती बातमी?'

आता तिनं सूप खाली ठेवलं. सहा तारखेला अंगणात मी उरलेल्या अंकांचे गठ्ठे बांधत होतो, तेव्हा माझ्या डोक्यावर कावळा बसला होता. टोच मारून गेला. मी शिवी हासडली आणि विसरलो. ती विसरली नव्हती. आपल्याकडची जुनी रीत तुला ठाऊक हाय. कावळा अंगाला शिवला तर लांबच्या माणसाला मरणाचा खोटा सांगावा धाडायचा. ते रडलं की अरिष्ट टळतं. मग खरं कळवून टाकायचं. माझ्या आजीला असंच दोनदा मारलं होतं, ती नव्वद वर्षं जगली.

मी म्हणलो, 'अगं मग तुझ्या मावशीला फोन करायचा!'

'मावशी? ती लगेच व्हिडिओ लावती. म्हनती, दाखीव मयत. आता खोटं कुनाला सांगावं? दोन मिन्टात धा जन बघतेत. अर्पिता रडली आसती, पर तिला सातवा म्हैना. पोटुशी लेकराला आसलं सांगतेत व्हय?'

'म्हणून पेपरात दिलंस? दोनशे अंकात?'

तर काय म्हणली माहीत हाय? ऐक, आणि हसायचं असेल तर हस. म्हणली, 'मग दुसरं कुठं देऊ? तुमचा पेपर गोपाळभाऊजी सोडून कुनी वाचतंय का? म्हनून तर त्यात दिलं. कुनाला कळायची भीती न्हाई, अन् ज्येला कळायचं त्येला कळतंय.'

सगळा बंदोबस्त तिनंच केलेला. डिसेंबरचं कॅलेंडराचं पान फाडून मागं मजकूर लिहिला, ट्रंकेतला फोटो काढून कात्रीनं तुला कापलं, आणि बुधवारच्या पाकिटात सारलं. प्रेसवर आता साक्षी नावाची नवी पोरगी टाइप करती. तिनं मला कधी बघितलेलं न्हाई. कदम मेले तर मेले, टाकलं चौकटीत. दशक्रियेची तारीख कडूबाईनं निव्वळ रिवाजापायी लिहिली. तू येशील, डोकं करशील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती पंधरा दिवसांनी तुला खरं लिहिणार होती. पण मी वीस तारखेला तोफ डागली आणि ती घाबरून गप बसली.

मी लय वरडलो. पाट आपटला. म्हणलो, सगळ्या जगात तुला गोपाळच सापडला का? ज्याच्याशी आपलं बोलणं न्हाई, त्यालाच?

ती म्हणली, 'खरं रडनारं मानूस लागतंय. डोळ्याला पान्याचं बोट लावून चालत न्हाई. लय इचार केला म्या. तुमचा भाऊ आठवला, मेव्हणे आठवले. डोळ्यासमोर दुसरं कुनी येईना.'

मग ती रडायला लागली, आणि मी बी. हे मी तुला लिहिणार नव्हतो.

बन्सी


बोरी
शुक्रवार, ७ फेब्रुवारी, तुझ्या ओट्यावर, दुपारी

गोपाळ,

हे टपालात टाकणार न्हाई, दाराखालून सरकवतो.

आज शुक्रवार असून अंक काढला न्हाई. व्यंकटरावाला काल सांगितलं, मशीन माझ्यासाठी चालू करू नको. सकाळच्या पॅसेंजरला सतरा वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हातानं बसलो. कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तुझ्याकडं निघालो होतो, मन दुसरीकडंच होतं. परभणीहून एस्टी धरली.

तुझी सून शुभदा लय गुणाची हाय. तिनं पाणी दिलं, चटई टाकली आणि खरं सांगितलं. माझं मंगळवारचं पत्र काल आलं. तू तीनदा वाचलंस, जेवला न्हाईस. आणि आत्ता फाटकात माझा आवाज ऐकून आतल्या खोलीची कडी लावलीस. मी दारावर थाप मारली, हाका मारल्या. तू खोकलास तेवढं ऐकू आलं. म्हणून शुभदाकडून कागद मागून घेतला. तुला माझं ऐकायचं नसलं तरी वाचल्याशिवाय राहवत न्हाई, हे मला माहीत हाय.

तुझा राग बरोबर हाय. बातमी कडूबाईची, पण शक माझा. तू माझ्यासाठी डोकं केलंस, आणि मी तुला चोर म्हणलो. तू नदीवर चार घंटे बसलास, आणि मी तुझ्याकडं बघून मान फिरवली. माझा शक गेल्या म्हैन्यातला न्हाई, तीन वर्षांचा हाय. लोक वाचायचे थांबले, ते मला सोसलं न्हाई. कुणाला तरी धरायला पाहिजे होतं. सगळ्यात जवळ तू होतास. पेपर तू बंद पाडला न्हाईस, गोपाळ. तू एकटाच वाचत होतास. गद्दार म्हणलो तो शब्द मी त्याच फलाटावर, चारचौघांत परत घेतो. चारचौघं कानातलं काढतील तेव्हा.

आणि तो ग्रुप चालू कर. खरंच म्हणतो. तीन आठवडे झाले, लोक फलाटावर ताटकळायलेत. परवा एक नर्सबाई माझ्याजवळ रडकुंडीला आली, गाडी येती का न्हाई कळंना, ड्यूटी चुकली तिची. मला कुठलं माहीत! कावळ्याला दिलेला शब्द मोडला तरी पाप लागत न्हाई, कारण मी जिवंत हाय. मला बी घे त्यात. नंबर कसा उघडायचा ते शुभदाला विचारतो.

शेवटची एस्टी सहाला हाय म्हणती ती. मी जाणार न्हाई. कडूबाईला सांगून आलोय. डबा आणलाय, अंथरूण तू देशील न्हाईतर ही चटई हाय. साठीच्या पुढचा माणूस ओट्यावर बसलेला बघून गल्लीतली माणसं थांबायलेत, विचारायलेत, कोण पाहुणे? मी सांगायलोय, गोपाळरावांचा मैतर, तो मेलेला. एक जण घाबरून पळाला.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. माझा हक्कच हाय त्यांच्यावर. पण बाहेर येऊन दे. दाराआडून मला नीट ऐकू येत न्हाई.

बन्सी